पाव्हण्याला कोण पाडणार

नव्या गड्याला आल्या आल्या खेळात उतरवावं की वर्षभर बाजूला बसवून मग उतरवावं, यावर एका चैत्रात आमच्या गावानं जेवढं तोंड वाजवलं, तेवढं विहिरी आटल्या त्या वर्षी पाण्यावरूनही वाजवलं नव्हतं. चावडीवर तेच, न्हाव्याकडे तेच, बायकांच्या पाणवठ्यावरही तेच. मी मात्र गप्प होतो. नवा गडी ज्या जागी उभा राहणार होता ती जागा माझी होती, आणि माणसानं स्वतःच्या जागेविषयी बोलू नये असं मला वाटायचं. खरं तर बोलायची भीती वाटायची.

खेळ हुतूतूचा. आता त्याला कबड्डी म्हणतात, नियमांची पुस्तकंही निघाली आहेत. आमच्या वेळी निजामाचं राज्य होतं आणि नियम वस्तादाच्या डोक्यात होते. नऊ नऊ गडी, मध्ये रेघ. समोरचा गडी एका दमात 'हुतूतू' म्हणत आत येतो, कोणाला तरी शिवतो आणि दम तुटायच्या आत रेघेपलीकडे जायला बघतो. त्याला जाऊ न देणं हे धरणाऱ्यांचं काम. त्यातही डाव्या कोपऱ्यावरच्या गड्यानं घोटा धरायचा आणि बाकीच्यांनी वरून पडायचं. घोटा सुटला तर वरून पडणारे एकमेकांवरच पडतात. तो डावा कोपरा अकरा वर्षं माझ्याकडे होता.

आम्ही तिघं भाऊ. थोरला शेती बघायचा, मधला चावडीवर उठबस करून चार शब्द उर्दूत बोलायचा, आणि मी सगळ्यात धाकटा, डाव्या कोपऱ्याचा. माझी दुसरी काही ओळख नव्हती. थोरल्याची बैलजोडी, मधल्याचा फेटा आणि माझा घोटा, असं गावातले लोक चेष्टेनं म्हणत. मला ती चेष्टा आवडायची. त्या साली मी चौतिशीत होतो, आणि पहाटे उठलो की डावा गुडघा मला आधी सांगायचा की तो आहे.

सामना चैत्रातल्या जत्रेत व्हायचा, नदीपलीकडच्या गावाशी. जत्रेची इजाजत पाटील दर वर्षी तालुक्याहून आणायचे आणि सामन्याला तालुक्याचे अमीन, म्हणजे फौजदार, येऊन बाजेवर बसायचे. जिंकणाऱ्याला एक पागोटं आणि नारळ मिळे. पागोट्याचं कोणाला एवढं काही नव्हतं. पण सिरसाळ्याच्या बाजाराला जायची वाट त्यांच्या गावातून होती. हरलो की वर्षभर त्या वाटेनं जाताना ओट्यावर बसलेली म्हातारी माणसंसुद्धा तोंडातल्या तोंडात 'हुतूतू' म्हणत. माझा थोरला भाऊ अशा वर्षी दोन कोस वळसा घालून जायचा.

त्या साली पाटलांचा जावई पहिल्यांदा जत्रेला आला. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. पाटलांनी लेकीसाठी तीन स्थळं पाहून नाकारली होती आणि चौथं हे केलं होतं, गंगथडीचं, म्हणजे गोदाकाठचं. पाटील पत्रिका पाहत नाहीत, मुलाच्या पोटऱ्या पाहतात, असं लोक म्हणायचेच. जावई गावात आला तेव्हा कोणालाही त्यात खोटं वाटलं नाही. वीस-एकवीस वर्षांचा, दारातून येताना वाकावं लागे इतका उंच, मनगटं अशी की लोहाराच्या पोराला लाज वाटावी. स्वभावानं गरीब. लहानथोरांना मान देई, आम्हा सगळ्यांना सासऱ्याच्या नात्यानं मामा म्हणे.

आमच्याकडे एका घरचा जावई म्हणजे सगळ्या गावचा जावई. पाव्हणं महिनाभर राहणार म्हटल्यावर रोज एक घर त्यांना जेवायला बोलवू लागलं. रोज पुरण, रोज तूप. वाढणारीनं दोनदा आग्रह करायचा आणि जेवणाऱ्यानं तिसऱ्यांदा हो म्हणायचं, ही रीत पाव्हण्यांनी पहिल्या घरापासून पाळली. आमचे वस्ताद, म्हणजे गावातले जुने पैलवान, ज्यांचे गुडघे गेले होते आणि जीभ शाबूत होती, ते हे बघून कपाळाला हात लावायचे. पण तेही बोलायचे नाहीत. त्यांच्या घरीही पाव्हणं जेवून गेले होते.

सराव गावाबाहेर एका खळ्यावर चालायचा. रास होऊन गेलेली, जमीन सारवलेली, वर नदीची वाळू पसरलेली. पहिल्या दिवशी वस्तादांनी पाव्हण्यांना डाव्या कोपऱ्यावर उभं केलं आणि मला म्हणाले, "जा बे, तू दम घेऊन जा. बघू पाव्हणं कसं धरतात."

मी गेलो. पाव्हण्यांनी घोटा धरला. धरला तो उभ्यानंच, वाकून, दोन्ही हातांनी, विहिरीतला पोहरा धरावा तसा. असा धरलेला घोटा सोडवणं मला झोपेतही जमलं असतं. टाच फिरवायची आणि धरणाऱ्याच्या छातीवर पाय देऊन मागं ढकलायचं, बस्स. पण समोर जावई. जावयाच्या पायावर पाणी घालतात. जावयाच्या छातीला पाय लावला असं अजून कोणी ऐकलं नव्हतं. मी क्षणभर तसाच राहिलो आणि मग दम सोडून खाली बसलो.

"शाबास!" कोणीतरी ओरडलं.

माझ्यामागून गेलेल्या गड्यानंही तेच केलं. त्याच्या मागच्यानंही. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, ठरवलं तर नव्हतंच. महिनाभर आम्ही नऊजण आळीपाळीनं पाव्हण्यांसमोर जाऊन पडत होतो आणि पाव्हणं प्रत्येकाला हात देऊन उठवत होते. काही दिवसांनी आमची बघण्याची नजरही बदलली. पाव्हण्यांच्या हातून कोणी सुटत नाही, असं आम्हीच चावडीवर सांगू लागलो, आणि सांगता सांगता ते आम्हाला खरं वाटायला लागलं. सगळ्यात मोठी मौज ही, की पाव्हण्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटणार कसं? त्यांच्या गावी ते सगळ्यात दांडगे होते, तिथंही लोक पडतच असतील.

जत्रेला चार दिवस राहिले तेव्हा चावडीवर बैठक बसली. वस्तादांनी तोंड उघडलं.

"गडी झकास हाय, त्यात वाद न्हाई. पर त्येला अजून कुनाचा मार लागल्याला न्हाई. एक वरीस बाजूला बसू द्या. सामना बघू द्या. पुढल्या साली उतरवा."

पाटील हसले. "तीन स्थळं मोडून जावई आनला, आन् जत्रंत त्येला तुमची धोतरं राखायला बसवू? पलीकडले काय म्हनतील?"

"पयल्या वर्साचं खोंड नांगराला धरीत न्हाईत, पाटील."

"खोंडाचं नगा सांगू. म्हैनाभर तुमच्या देखत समद्यांला धरलंय त्येनं. सुटलाय का कुनी?"

कोणी सुटलं नव्हतं हे खरं होतं. का सुटलं नव्हतं हेही बैठकीतल्या नऊजणांना ठाऊक होतं, पण भर चावडीत पाटलांना 'आम्ही तुमच्या जावयासमोर मुद्दाम पडतो' असं सांगणारा अजून आमच्या गावात जन्माला यायचा होता. मग वस्तादांनी अशा वेळी शहाणी माणसं करतात ते केलं. ते माझ्याकडे वळले.

"जागा ह्येची हाय. ह्येलाच इचारू. तू सांग बे, उतरवावं का न्हाई?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी 'नको' म्हणालो असतो तर लोक म्हणाले असते, ह्याच्या पोटात दुखतंय. ते खरंही होतं, माझ्या पोटात दुखतच होतं. मी म्हणालो, "उतरवा की. मी बसतो औंदा."

पाटील खूश झाले. मधल्या भावानं घरी येताना माझी पाठ थोपटली, म्हणाला, मन मोठं हाय तुझं. मी काही बोललो नाही. आता बोलायला हरकत नाही. मला पाव्हणं हरायला हवे होते. चांगले चारचौघांत, अमिनासमोर, पलीकडच्या गावासमोर हरायला हवे होते, म्हणजे डाव्या कोपऱ्याला काय लागतं ते लोकांना कळलं असतं आणि त्यांनी मला माझी जागा पुन्हा दिली असती. गाव हरेल, वर्षभर वळसा घालून बाजाराला जावं लागेल, हे मला कळत होतं. मी ते चालवून घेतलं.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर सामना लागला. देवळाच्या पायऱ्यांवर बायका बसल्या होत्या, त्यांत पाटलांची लेकही होती. तीन डाव ठरले होते. मी लिंबाखाली कपडे राखत बसलो.

पलीकडच्या गावाचा पहिला गडी आत आला तो बुटका, काळा, गुडघ्यात वाकून चालणारा. त्याला पाव्हणं कोणाचे जावई आहेत याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं पाय पुढं टाकला. पाव्हण्यांनी तो धरला, आणि धरून थांबले. मला तिथून स्पष्ट दिसलं. ते वाट बघत होते. गेल्या महिनाभरात जो जो त्यांच्या हातात आला तो आपण होऊन खाली बसला होता, तसा हाही बसेल म्हणून ते थांबले होते. बुटक्यानं टाच फिरवली, पाव्हण्यांच्या छातीवर सणसणीत पाय दिला आणि आमचे दोन गडी मारून रेघेपलीकडे गेला.

पुढं तेच. दुसरा आला, सुटला. तिसरा आला, सुटला. पलीकडचे लोक ओरडायला लागले, "पाव्हण्याला दूध पाजा रे!" आमच्या बाजूनं कोणी काही ओरडलं नाही. माझ्या हातून घोटा सुटला असता तर वस्तादांनी माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या. पाव्हण्यांना ते फक्त "हां हां, चालायचंच" म्हणत होते. त्यांना बाहेर काढावं असं कोणी सुचवलंही नाही. जावयाला भर जत्रेत उठवलं तर तो रुसून गावाला जाईल आणि लेकीला महिनोन्‌महिने माहेर दिसणार नाही. पहिला डाव आमचे नऊच्या नऊ गडी मरून गेला.

जे मला हवं होतं ते सगळं, अगदी मनासारखं झालं होतं. मला बरं वाटलं. थोडा वेळच वाटलं.

दोन डावांच्या मध्ये गडी पाणी प्यायला लिंबाखाली आले. पाव्हण्यांनी पाणी घेतलं नाही. ते सरळ माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले. छातीवर मातीचा पाय उमटला होता, अंगठ्यासकट.

"मामा," ते हळूच म्हणाले, "खळ्यावर तुमी पडत व्हते का?"

मी वस्तादांकडे पाहिलं. ते स्वतःच्या गुडघ्याकडे बघत होते.

"व्हय," मी म्हणालो.

"समदेच?"

"समदेच."

"कावून?"

"पाव्हणं हाय तुमी. पाव्हण्याच्या छातीला पाय कसा लावावा मानसानं?"

त्यांनी मान खाली घालून छातीवरचा डाग पाहिला. "त्येनं लावलाच की," ते म्हणाले. मग देवळाच्या पायऱ्यांकडे एकदा बघितलं आणि उठले. "आता तुमी लावा. दम घ्या. मी धरतो."

मी म्हणालो, हितं नको. ते म्हणाले, हितंच. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला नाही म्हणता आलं असतं. हा पोरगा महिनाभर आम्हाला हात देऊन उठवत होता, आणि आम्ही सगळे मिळून त्याला फसवत होतो, आणि त्यात सगळ्यात जास्त मी. मला स्वतःची इतकी किळस आधी कधी आली नव्हती.

मी दम घेतला. पाय पुढं टाकला. त्यांनी धरला. मी टाच फिरवली, छातीवर पाय दिला आणि त्यांना पाठीवर पाडलं.

पायऱ्यांवर कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. अमीन बाजेवरून उठून उभे राहिले. पाटलांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. पाव्हणं उठले, पाठ झाडली नाही, म्हणाले, "आनखी एकदा."

दुसऱ्यांदाही मी पाडलं, पण या वेळी तोंडही चालवलं. उभं राहू नका, गुडघा टेका. हातानं धरू नका, घोटा काखेत घ्या. छाती माझ्या नडगीला चिकटवा, म्हणजे पाय द्यायला जागाच उरणार नाही. अकरा वर्षांत मी जे जे शिकलो होतो ते बोलायला घेतलं तर चार वाक्यांत संपलं. एवढंच होतं होय, असं माझ्या मनात आलं.

तिसऱ्यांदा मी गेलो तेव्हा त्यांनी घोटा काखेत घेतला आणि खाली बसले. मी टाच फिरवली, ती फिरेना. पाय द्यायला गेलो तर पाय ठेवायला काही सापडेना. मी सगळी ताकद लावली. गुडघा गेला तरी चालेल अशी लावली. माझा दम तुटला. मला सुटता आलं नाही, आणि या वेळी मी मुद्दाम काही केलं नव्हतं.

दुसऱ्या डावात तो बुटका पुन्हा आला. पाव्हण्यांनी त्याचा पाय घेतला तो त्याचा दम जाईपर्यंत सोडला नाही. नंतर आणखी दोघांना धरलं. दुसरा डाव आम्ही घेतला. तिसरा अगदी शेवटच्या गड्यावर गेला आणि आम्ही हरलो. पागोटं नदीपलीकडे गेलं. पण घरी परतताना लोक पाव्हण्यांच्या पकडीबद्दलच बोलत होते. वस्ताद म्हणत, माझं ऐकलं असतं, एक वरीस बसवला असता तर पागोटं आपलं व्हतं. पाटील म्हणत, उतरवला म्हणून तर शिकला. दोघंही पुढे मरेपर्यंत आपापल्या म्हणण्यावर कायम राहिले. मला दोघांचंही पटलं नाही. वर्षभर बसवला असता तर वर्षभर आम्ही त्याच्यासमोर पडत राहिलो असतो.

पाटील माझ्याशी पुढं दोन महिने बोलले नाहीत. त्यांच्या जावयाला मी लाथ मारली होती, कारण काहीही असो. पाव्हणं मात्र गावाला परतायच्या आधी आमच्या घरी जेवून गेले. मी त्यांच्या पायावर पाणी घातलं. त्यांनी पुरण एकदाच घेतलं, दुसऱ्या आग्रहाला ताटावर हात आडवा धरला.

पुढच्या चैत्रात ते आले. खळं सारवलं गेलं, वाळू पडली. पहिल्या दिवशी मी नेहमीसारखा गेलो, सदरा काढून कुंपणावर टाकला. वस्तादांनी काठीनं रेघ ओढली आणि एकेकाला जागा सांगायला लागले. डाव्या कोपऱ्याशी आल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता पाव्हण्यांचं नाव घेतलं. बाकीच्या जागा सांगून झाल्या. वस्तादांचं बरोबर होतं. मी कुंपणापर्यंत गेलो आणि सदऱ्याला हात घातला.

मागून पाव्हण्यांनी हाक मारली, "मामा, कुठं निघाले? मला पाडायला ह्यांच्यातलं कुनी येत न्हाई."

खरंच कोणी येत नव्हतं. आठजण पायानं वाळू उकरत उभे होते. मी सदरा परत टाकला. त्या दिवशी मी गावच्या जावयाला कितीतरी वेळा पाडलं, आणि जेव्हा पाडता येईना तेव्हा थांबलो.

संध्याकाळी घरी आलो तर बायकोनं भाकरी थापता थापता विचारलं, "औंदा कोपऱ्यावर कोन?"

"पाव्हणं," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. अकरा वर्षं तिनं जत्रेच्या आदल्या दिवशी माझ्या गुडघ्याला तेल चोळलं होतं. "आन् तुमी?"

"मी त्यांना पाडतो," मी म्हणालो, आणि पाय धुवायला बाहेर गेलो, कारण मला रडू येत होतं.